आवतणाच्या वाटेवर नसलेली विहीर

भैरवनाथाच्या जत्रेच्या सकाळी, ऐन आंघोळीच्या गर्दीत, शेवरवाडीचे सगळे नळ एकदम सूं करून थांबले, आणि त्याला कारण बाजीराव होते. त्या घडीला हे खुद्द बाजीरावांनाही ठाऊक नव्हतं. ते कडक इस्त्रीची टोपी घालून ओट्यावर उभे होते आणि आल्यागेल्याला या-बसा करत होते. आत न्हाणीत त्यांचे थेरगावचे व्याही डोक्यापासून पायापर्यंत साबण लावून उभे होते. व्याही हा माणूस कोरडा असतानाही जपावा लागतो. साबणातल्या व्याह्याबद्दल तर बोलायलाच नको. येसूबाईंनी, म्हणजे बाजीरावांच्या मंडळींनी, पिण्याच्या माठातलं पाणी तांब्यातांब्यानं दाराच्या फटीतून आत सरकवलं आणि पाहुण्यांची सुटका केली. तरी एका कानामागचा फेस तसाच राहिला तो राहिलाच. आरतीच्या वेळी तो सगळ्या गावानं पाहिला आणि कुणीही सांगितलं नाही, कारण व्याह्याच्या कानाला कोण बोट लावणार?

बाजीराव हे गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष. हे पद त्यांना पाण्यातलं कळतं म्हणून मिळालेलं नव्हतं. त्यांना माणसांतलं कळतं असा गावाचा समज होता, म्हणून मिळालं होतं. सोमाटण्यापासून पवनेच्या काठापर्यंत निम्म्या संसारांचं श्रेय त्यांच्याकडे जाई. उरलेल्या निम्म्यांचा दोषही. सोयरीक जमवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि सोयरिकीच्या मागोमाग येतं ते आवतण. गावात कुणाचंही कार्य असो, घरोघर फिरून जेवायला बोलवायचं काम बाजीरावांचं. दारात उभं राहून ‘उद्या चूलबंद आवतण हाय’ म्हणायचं, म्हणजे त्या घरानं उद्या चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी मांडवात यायचं. एक घर चुकलं तर तीन पिढ्यांचा रुसवा. म्हणून आवतणाची वाट ठरलेली होती: मारुतीच्या पारापासून निघायचं, वरची आळी, मग मधली आळी, मग शाळेमागची नवी घरं, आणि परत पार. त्यांचे वडील त्याच वाटेनं फिरायचे. बाजीरावांनी डोळे मिटले तरी पाय बरोबर वळायचे.

या वाटेत ओढा ओलांडावा लागत नसे. ओढ्यापलीकडे बौद्धवस्ती. तिथलं कुणी डेअरीवर नाहीतर एस.टी.च्या थांब्यावर भेटलं, तर बाजीराव मोठ्या प्रेमानं म्हणायचे, ‘तुमच्याकडं बी सांगा सगळ्यास्नी.’ प्रेम खरं होतं. फक्त ते ओढ्याच्या अलीकडूनच केलेलं असायचं.

तर झालं असं, की गेल्या दिवाळीनंतर अपेक्षा नावाची एक मुलगी गावात आली. लोणावळ्याची, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी. पाठीला सॅक, हातात लॅपटॉप, आणि भाषा इतकी साधी की बाजीरावांना पहिल्याच चहाला तिचं लग्न कुठं जमवावं असे विचार येऊ लागले. तिचं काम असं: नदीचं पाणी आणि जमिनीच्या पोटातलं पाणी, दोन्ही मिळून एकच हिशेब धरायचा, आणि वर्षभर कुणाकडून कधी किती घ्यायचं ते कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं.

तिनं समजावलं, की ही एका घरातली दोन भावंडं समजा. नदी हा उधळ्या भाऊ. पावसाळ्यात त्याचे खिसे भरलेले, तेव्हा घरखर्च त्याच्याकडून चालवावा. विहीर ही साठवणारी बहीण. तिला त्या दिवसांत हात लावायचा नाही, गपचूप जमवू द्यायचं. मग उन्हाळ्यात नदी पायाच्या घोट्याला आली, की बहिणीच्या गाठोड्यातून थोडं थोडं सोडायचं. गावं काय करतात? बरोबर उलटं. नदीचा पंप लांब, त्याची मोटर रुसते, म्हणून भर पावसाळ्यातही जवळची विहीर उपसतात, आणि चैत्रात दोन्हीकडे हात पसरतात.

शेवरवाडी नेमकं हेच करत आली होती. बाजीरावांनी खाकरून विषय बदलला आणि कॉम्प्युटर हे ठरवतो कसं ते विचारलं.

अपेक्षा म्हणाली, तो आधी आंधळेपणानं पुष्कळसे आराखडे जन्माला घालतो. मग एकेकाला तपासतो: वीज किती खाल्ली, विहीर किती खाली गेली, कुणाचा नळ कोरडा राहिला. वाईट ते काढून टाकायचे. बरे उरतात त्यांच्या जोड्या लावायच्या, एकाचा पावसाळा आणि दुसऱ्याचा उन्हाळा. त्यांची पोरं आईबापांपेक्षा बरी निघतात. मग त्या पोरांच्या जोड्या लावायच्या. असं करत करत शेवटी एक असा आराखडा उरतो, की त्याहून बरा सापडत नाही.

बाजीरावांनी मांडीवर थाप मारली. “म्हंजी सोयरीकच की ही.”

“तसंच काहीसं, काका.”

“आन् त्यात मानापमान?”

“कॉम्प्युटरला नसतो.”

“मग लय सोपं काम हाय तुजं,” बाजीराव म्हणाले, आणि टोपी घालून उठले, कारण तिला आता गावातलं सगळं पाणी दाखवायचं होतं.

त्यांनी दाखवलं. पारापासून निघाले. मारुतीमागची गावविहीर दाखवली, तिच्यात त्यांचे आजोबा कसे पडले आणि कसे निघाले ते सांगितलं. वरच्या आळीतून मधल्या आळीत नेलं, तिथल्या बुजलेल्या आडाची हकीकत सांगितली. शाळेमागची बोअर दाखवली. मग मोटारसायकलवर मागं बसवून पवनेवरचा उपसा पंप दाखवला. दर दोन घरांमागे एक चहा झाला. अपेक्षानं विचारलं, एवढंच ना? बाजीराव म्हणाले एवढंच, आता बाकी काय उरलं न्हाई. आणि ते खोटं बोलत नव्हते. म्हणजे त्यांना तसं वाटत नव्हतं.

आराखडा आला. पावसाळा तर होऊन गेलेला, पण थंडीभर नदीचं पाणी घेऊन विहिरीला विश्रांती दिली गेली. संक्रांतीला गावविहिरीत इतकं पाणी होतं की म्हातारी माणसं मुद्दाम वाकून बघून जायची. बाजीराव पारावर असे बसायचे, की जणू ते पाणी त्यांनीच रोज थोडं थोडं आणून ओतलंय. मध्ये एकदा अपेक्षाचा फोन आला. ते न्हाव्याच्या खुर्चीत होते. ती म्हणाली, एप्रिलमध्ये फार काठावर जातंय, बोअरवर सगळा भार पडतोय. आणखी कुठली विहीर, झरा, काही राहिलंय का, आठवून बघा. बाजीराव अर्ध्या गालाला फेस असताना म्हणाले, “काय बी न्हाई, पोरी. समदं तुला फिरून दावलंय.”

आणि मग जत्रा आली, गावात दुप्पट माणूस झालं, नदीचा पंप आराखड्याप्रमाणं बंद, विहीर आधीच बेतानं चाललेली. सारा भार बोअरवर. बोअरनं पहाटेपासून ओढली तेवढी ओढली आणि व्याह्यांच्या अंगाला साबण लागल्यावर प्राण सोडला.

देवळाच्या मागं महाप्रसादाच्या कढया चढलेल्या. आमटीला पाणी नाही, भाताला पाणी नाही. आचारी झारा खांद्यावर टाकून बाजीरावांकडे बघत उभा. बाजीरावांनी सोमाटण्याच्या विक्कीला टँकरसाठी फोन लावला, आणि नेमक्या त्याच वेळी मांडवाच्या कडेला यशोधराताई येऊन उभ्या राहिल्या.

यशोधराताई वस्तीतल्या. साठी उलटलेली, बांधा उंच, बोलणं तोलून. देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरी करून निवृत्त झालेल्या, एवढं बाजीरावांना माहीत होतं. त्याहून जास्त नाही. त्या म्हणाल्या, “आमच्या विहिरीला पाणी हाय. ड्रम पाठवा.”

बाजीराव हसले. ते छान हसायचे. “कशाला ताई तुमाला तरास. टँकर येतोयच की.”

यशोधराताईंनी कोरड्या कढयांकडे एकदा पाहिलं. मग “बरं” म्हणाल्या आणि गेल्या.

टँकर आला. उशीर झाला, पण आला. पाणी असं गार आणि गोड, की आमटी चाखून आचारीसुद्धा नरमला. लोकांनी तांब्यावर तांबे रिचवले. वरच्या आळीतल्या एका आजोबांनी तर ह्या पाण्यानं अन्न चांगलं पचतं असा निर्वाळा दिला. बाजीरावांनी विक्कीच्या हातात देवाचा नारळ ठेवला आणि कौतुकानं विचारलं, की कुठनं आणलंस रं हे अमृत? विक्कीनं अंगठा पाठीमागं उडवला, “ह्ये काय, खालनं,” आणि तो दुसऱ्या फेरीला पळाला. खालनं म्हणजे नदीकडून, असं बाजीरावांनी धरलं. चौकशीची गरज वाटली नाही.

आता एवढं झाल्यावर दोष कुणाचा, हे ठरवायला पार भरला. आणि इथं बाजीरावांनी आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य टाकलं. “पोरगी हुशार हाय,” ते म्हणाले, “पन त्या कॉम्प्युटरला मावळ कळत न्हाई.” पार हसला. वाक्य डेअरीवर गेलं, तिथून पिठाच्या गिरणीत गेलं, संध्याकाळी ते बाजीरावांच्याच घरी नातवाच्या तोंडून परत आलं. गावानं ठरवूनच टाकलं, की ग्रामसभेत आराखडा रद्द करायचा आणि आणखी खोल नवी बोअर मारायची.

सरपंच शुभदाबाई समजूतदार. त्यांनी अपेक्षाला कळवलं, की ग्रामसभेआधी काय चुकलं ते शोधून आण, नाहीतर मला थांबवता येणार नाही. अपेक्षाच्या सरांनीही तेच सांगितलं होतं: चूक सापडली तर ठीक, नाहीतर हे गाव अभ्यासातून काढून टाक. काढून टाक म्हणजे तिची सहा महिन्यांची मेहनत टाक.

ती घोरावाडीला लोकलमधून उतरली. नेहमी ती बाजीरावांना फोन करायची आणि ते मोटारसायकल घेऊन जायचे. या वेळी तिनं फोन केला नाही. का, ते सांगायला नको. ते गाजलेलं वाक्य तिच्यापर्यंतही गेलं होतं. रिक्षा मिळेना, म्हणून शेतातल्या पायवाटेनं चालत निघाली, आणि स्टेशनकडून येणारी पायवाट आधी वस्तीतून जाते.

त्या दुपारी बाजीराव ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. समोरून अपेक्षा येताना दिसली तेव्हा त्यांना आधी वाटलं, पोरगी ओढ्यात पडली. सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, हात कोपरापर्यंत काळे, आणि चेहऱ्यावर राग वगैरे काहीच नाही. येसूबाई पाणी घेऊन बाहेर आल्या.

“काका,” अपेक्षा म्हणाली, “ओढ्यापलीकडची विहीर राहिली आपली.”

“ती व्हय? ती वस्तीची.”

“वस्ती कुठल्या गावात येते?”

बाजीरावांचा अडकित्ता थांबला. “आपल्याच की.”

“मग?”

त्या ‘मग’मध्ये टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाजीरावांनी तो परतवला असता. टोमणे परतवण्यात त्यांची हयात गेली होती. ती खरोखरच विचारत होती. तिला कॉम्प्युटरला सांगायचं होतं. आणि बाजीरावांना सांगण्यासारखं काही सापडेना. विहीर लांब होती म्हणावं, तर नदीचा पंप तिच्या चौपट लांब. माहीत नव्हती म्हणावं, तर लहानपणी तिच्या काठच्या चिंचा पाडल्या होत्या. मुद्दाम लपवली असती तरी एक वेळ बरं झालं असतं. लपवायला आधी डोळ्यांसमोर यावी तरी लागते. पाणी बघायला निघालेले पाय आवतणाच्या वाटेनं गेले आणि जिथं कधी वळले नव्हते तिथं या वेळीही वळले नाहीत. त्याहून वाईट असं, की आराखड्यात वस्तीची माणसं धरलेली होती. तोंडं मोजली होती. त्या तोंडांनी स्वतः राखलेलं पाणी तेवढं नव्हतं.

अपेक्षा सांगत गेली आणि बाजीराव ऐकत गेले. एवढ्या वर्षांच्या शेजाराबद्दल त्यांना लोणावळ्याच्या पोरीकडून कळत होतं.

ती विहीर यशोधराताईंचे सासरे महिपतीबाबा आणि वस्तीतल्या लोकांनी खणलेली. छप्पन साली दीक्षा घेतल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सुरुवात केली. दिवसा गावातल्यांच्या रानात राबायचं आणि सांज झाली की आपल्या विहिरीत उतरायचं. गावविहिरीवर पाण्यासाठी हात पसरून उभं राहणं संपवायचं, एवढंच त्यांच्या मनात. पुढं ओढ्यावर बंधारा झाला आणि ती विहीर कधी आटेनाशी झाली. पण नुसत्या बंधाऱ्यानं काय होतं? गाळ साचला की झरे बुजतात. म्हणून दर वर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी सगळी वस्ती विहिरीत उतरते, गाळ काढते, पायऱ्यांना चुना देते. पिंपरीला, निगडीला राहायला गेलेलेसुद्धा त्या दिवशी येतात. नवी सून आली, की तिनंही तळाशी उतरून गाळाचं एक घमेलं वर द्यायचं. तोवर ती पाहुणी.

यशोधराताई देहूरोडच्या चाळीतून इथं सून म्हणून आल्या. नळाचं पाणी प्यायलेली मुलगी. तळ बघून त्या पहिल्याच पायरीवर बसल्या म्हणे, तर महिपतीबाबा वरून म्हणाले होते, सावकाश उतर, विहीर कुठं जात नाही. पुढं नवरा गेला, त्याच्या जागी डेपोत लागल्या. सकाळची लोकल घोरावाडीहून पकडायची, संध्याकाळी तिनंच परत यायचं. चैताली नावाच्या मुलीला एकटीनं शिकवलं. ती आता बँकेत आहे आणि आईला रोज म्हणते की इकडे फ्लॅटवर ये. यशोधराताई जात नाहीत. वर्षाला एकदा विहिरीत उतरायचं असतं ना. आजही उतरल्या होत्या, पदर खोचून. अपेक्षा काठावरून वाकून पाणी मोजायला लागली तेव्हा त्या खालून म्हणाल्या, वरून काय कळणार, ये खाली. म्हणून चिखल.

“आणि काका, जत्रेला टँकर तिथूनच भरला होता,” अपेक्षानं सहज सांगितलं. “विक्कीदादाला सगळ्यात जवळ तीच विहीर. त्यानं विचारलं, ताईंनी हो म्हटलं.”

बाजीरावांना ती आमटी आठवली. ते तांब्यावर तांबे आठवले. ‘कशाला तरास’ म्हणतानाचं आपलं छान हसू आठवलं, आणि ते चेहऱ्यावरून पुसून काढता आलं तर बरं, असं वाटून त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. येसूबाई मात्र दाराच्या चौकटीला टेकून म्हणाल्या, “मग काय झालं? पोट दुखलं का कुनाचं?” आणि रिकामा पेला उचलून आत गेल्या.

अपेक्षानं तिथंच बसून ती विहीर हिशेबात घातली आणि कॉम्प्युटर पुन्हा सोयरिकी जुळवू लागला. या वेळी निघालेला आराखडा तिनं मोठ्यानं वाचला. पावसाळ्यात नदीचं पाणी आधी वस्तीला द्यायचं, म्हणजे त्यांची विहीर भरून राहील. चैत्र-वैशाखात त्यांच्या विहिरीचं थोडं पाणी गावाच्या टाकीत घ्यायचं. बोअर राखून ठेवायची. नवी बोअर नको. कुणाचा नळ कोरडा नाही. मग ती लॅपटॉप मिटताना म्हणाली, “सरांना मी लिहिते, की विहीर माझ्याकडून राहिली. शोधायला मी आणखी फिरायला हवं होतं.”

हे मात्र बाजीरावांना झेपलं नाही. ती रागावली असती, तर त्यांनी दोन विनोद करून तिला हसवलं असतं. पण तिनं त्यांची चूक आपल्या अंगावर घ्यावी, आणि तीही त्यांना अवघडायला नको म्हणून, आणि त्यांनी ओट्यावर बसून घेऊ द्यावी? त्यांनी तिला घोरावाडीला सोडलं. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. असं त्यांच्या मोटारसायकलनं पहिल्यांदाच पाहिलं असेल.

पारावर सांगून टाकावं असं त्यांनी दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा तोंड उघडलं की आतून गंमतच बाहेर यायची. लोक हसायचे, आणि हसणाऱ्या माणसांना गंभीर काही सांगणं हे त्यांना कधी शिकायला लागलंच नव्हतं. शेवटी ग्रामसभेचा दिवस आला. नव्या बोअरचा विषय निघाला. कुणीतरी मागून बाजीरावांचं वाक्य म्हटलं, कॉम्प्युटरला मावळ कळत न्हाई, आणि मंडपात हशा पिकला. एका कडेला वस्तीतली माणसं बसली होती. यशोधराताई हसत नव्हत्या. अपेक्षा लॅपटॉपकडे बघत होती.

बाजीराव उठले. लोक आधीच हसायला तयार झाले.

“कॉम्प्युटर चुकला न्हाई,” ते म्हणाले. “पोरगी बी न्हाई. पाणी दावायला मी फिरलो. आवतणाला फिरतो तसा फिरलो. ओढा वलांडला न्हाई.”

एवढंच बोलले आणि बसले. आवतणाची वाट सगळ्यांच्या पायांना ठाऊक होती, त्यामुळे आणखी फोड करावी लागली नाही. हशा कुठं गेला कळलं नाही. वरच्या आळीतल्या, पचनाचा निर्वाळा देणाऱ्या आजोबांना एकदम खोकला आला. कुणीतरी हळूच म्हणालं, राहिली आसंल चुकून. शुभदाबाईंनी नवी बोअर बाजूला ठेवली, नवा आराखडा अपेक्षाकडून सगळ्यांना ऐकवला, आणि म्हणाल्या, पण विहीर वस्तीची आहे. ठराव करून घेता येणार नाही, जाऊन विचारावं लागेल. मग त्यांनी बाजीरावांकडे पाहिलं. “आवतणं तुमीच देता ना, आबा?”

तर दुसऱ्या दिवशी बाजीरावांनी टोपी घातली आणि ते पारापासून निघाले. सवयीनं वरच्या आळीकडे वळले, चार घरं गेल्यावर लक्षात आलं, मागं फिरले. ओढ्याच्या फरशीवर जरा थांबले. शब्दांची जुळवाजुळव चालली होती. किती जणांच्या दारात जाऊन काय काय मागून आणलं होतं त्यांनी: पोरी मागितल्या, मांडवाला बांबू मागितले, वर्गण्या मागितल्या. कधी जीभ अडली नाही. आज पहिल्याच शब्दाला अडली. दारात ‘राम राम’ म्हणावं, की ‘जय भीम’ म्हणावं? राम राम म्हणजे आपलंच पुढं केल्यासारखं. जय भीम म्हणावं, तर काम पडल्यावर म्हणतोय असं वाटायचं. शेवटी यशोधराताईंनी दार उघडलं तेव्हा ते बातम्या देणाऱ्या माणसासारखं “नमस्कार” म्हणाले.

“जय भीम. या, भाऊ,” ताई म्हणाल्या.

घर नीटनेटकं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी महिपतीबाबांची. महिपतीबाबा फोटोतही कुठंतरी खाली बघितल्यासारखे दिसत होते. ताईंनी खुर्ची दिली, आतून तांब्या-पेला आणून शेजारच्या स्टुलावर ठेवला, पेला भरला, आणि समोर बाजेवर बसून डोळ्यांना चष्मा लावला. डेपोत भांडाराच्या खिडकीत बसून त्यांनी आयुष्यभर लोकांचं ऐकून घेतलं होतं. ऐकून घेताना चेहरा कसा ठेवावा ते त्यांना येत होतं.

बाजीराव बोलू लागले. आधी उन्हाबद्दल बोलले. चैतालीची चौकशी केली, बँकेत बदल्या होतात का ते विचारलं. मग जत्रेकडे आले. म्हणाले, त्या दिवशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. तुम्ही घरच्यासारखं सांगायला आला होता, आणि मी तुम्हाला दारातल्या माणसासारखं परत पाठवलं. वर तुमचंच पाणी टँकरनं आणून पाजलं, नारळ दिला टँकरवाल्याला. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. मधेच एक गंमत सुचली होती, ती त्यांनी गिळली.

मग आराखडा समजावायला घेतला. समजावायला त्यांना जागा लागे. त्यांनी स्टुलावरचा पेला उचलून कडेला सरकवला, तांब्याही सरकवला, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर बोटानं रेघ ओढली. ही पवना. हा आमचा मारुती, ही गावविहीर. ही शाळेमागची बोअर. हा ओढा, आणि हितं तुमची विहीर. पावसाळ्यात इकडून तुमच्याकडे पाणी येणार, आधी तुमाला, मग आमाला. उन्हाळ्यात थोडं तिकडून इकडं. तुमची विहीर एका खुणेच्या खाली गेली की आमचा पंप बंद. ते कॉम्प्युटरच सांगतो, त्यात माझी लुडबुड नाही. गाळ काढायच्या दिवशी गावानं यायचं, घमेली उचलायची. मी स्वतः येतो, गुडघे नाही म्हणतील पण येतो. तळाशी उतरवलंत तर उतरतो.

पवना, मारुती, बोअर, ओढा, सगळं स्टुलावर मांडून झालं. यशोधराताईंनी ते सगळं पाहिलं. नदीवरून त्यांची नजर विहिरीवर आली, आणि तिथून कडेच्या भरलेल्या पेल्यावर गेली. बाजीरावांना वाटलं, त्या हिशेब करताहेत. त्यांनी घाम टिपला. इथवर पुष्कळ बोलून झालं होतं, पण विचारायचं होतं ते अजून विचारलेलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मग ताई,” ते म्हणाले, “वस्तीचं काय म्हननं? तुमच्या विहिरीचं पाणी द्याल का गावाला?”

“आधी ते समोरचं प्या.”